परदेशात पक्षी आणि वन्यजीव पाहायला जाताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदाच जायचं आहे. कोणता देश निवडू?

बहुतेकजण या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तिथेच थोडे अडकतात. आधी देश ठरवला की मग त्या देशात जे दिसेल त्यावर समाधान मानावं लागतं. त्यापेक्षा काय पाहायचंय ते आधी ठरवा. दाट जंगलातले रंगीबेरंगी पक्षी, मोकळ्या गवताळ रानातले मोठे सस्तन प्राणी, समुद्रपक्षी, की एकाच वेळी आकाश भरून टाकणारं स्थलांतर? एवढं स्पष्ट झालं की देशांची यादी आपोआप तीन-चार नावांवर येते.

सर्वांत जास्त पक्षी कुठे, असं विचाराल तर उत्तर कोलंबिया. तिथे १९०० हून अधिक जातींची नोंद आहे. पण पहिल्या सहलीसाठी मी कोलंबियाचं नाव घेणार नाही. उष्ण कटिबंधातलं जंगल नवख्याला फार छळतं. पानांआडून दहा आवाज येतात आणि दिसत एकही नाही. कोस्टा रिका त्या मानाने सोपा आहे. देश चिमुकला, तरी ९०० च्या वर जाती. अंतरं कमी, वाटाड्यांची चांगली परंपरा आणि खाद्यपात्रांवर अगदी हाताच्या अंतरावर येणारे हमिंगबर्ड. सस्तन प्राण्यांची ओढ असेल तर दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान घ्या. स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं, आणि हत्ती-जिराफांसोबत ५०० हून अधिक जातींचे पक्षी तिथे नोंदले गेले आहेत.

सुरुवात उघड्या अधिवासातून करावी, असं माझं मत. गवताळ प्रदेश, पाणथळ जागा, किनारा. तिथे प्राणी दिसतात, दिसत राहतात आणि बघता बघता नजर तयार होते. जंगलाचा नंबर नंतर.

कोणत्या महिन्यात जायचं?

सगळ्या नियोजनात हा एक निर्णय सर्वांत महत्त्वाचा. देश चुकला तरी काहीतरी छान दिसतं. ऋतू चुकला तर ज्यासाठी गेलो ते तिथे नसतंच.

काही उदाहरणं बघा. अमेरिकेतल्या नेब्रास्कात प्लॅट नदीवर पाच लाखांहून अधिक सँडहिल क्रौंच उतरतात, पण ते मार्चच्या आगेमागे. जूनमध्ये गेलात तर नदी दिसेल. कॅनडातल्या चर्चिलला ध्रुवीय अस्वलं ऑक्टोबर-नोव्हेंबरात किनाऱ्यावर हडसनचा उपसागर गोठायची वाट बघत थांबतात. बर्फ धरला की ती सीलच्या शिकारीला निघून जातात. जपानमध्ये होक्काइडोच्या राउसू बंदरातून बोटीने गेलं की समुद्रातल्या तरंगत्या बर्फावर बसलेले स्टेलर्स सी ईगल हे सागरी गरुड दिसतात, तेही फेब्रुवारीच्या सुमारास. एक्वादोरच्या गालापागोस बेटांपैकी एस्पान्योलावर वेव्ह्ड अल्बट्रॉस हे मोठे समुद्रपक्षी साधारण एप्रिल ते डिसेंबर असतात, बाकीचे महिने समुद्रावर. जॉर्जियातल्या बातुमीवरून शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी जातात, कारण एका बाजूला काळा समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कॉकेशस पर्वत असल्याने त्यांना त्या अरुंद पट्ट्यातूनच वाट काढावी लागते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हा खेळ चालतो.

टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा इथल्या विल्डबीस्टबद्दल (कळपाने राहणारे, हरणांच्या गटातले मोठे प्राणी) एक गैरसमज फार पसरलाय. हे स्थलांतर म्हणजे वर्षातून एकदा होणारी यात्रा नव्हे. कळप पावसामागे वर्षभर गोल फिरत असतात. पिल्लं जन्मतात ती दक्षिणेला न्दुतूच्या आसपास, जानेवारीअखेर ते मार्च. मारा नदी ओलांडतात ती साधारण जुलै ते ऑक्टोबर. त्यामुळे ‘मायग्रेशनला जायचंय’ एवढं पुरत नाही. त्यातलं नेमकं काय बघायचंय?

आणखी एक पेच आहे. सस्तन प्राण्यांचा हंगाम आणि पक्ष्यांचा हंगाम बऱ्याचदा जुळत नाहीत. आफ्रिकेच्या दक्षिण भागात कोरड्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, गवत वाळतं, पाणवठे मोजके उरतात आणि प्राणी तिथे गोळा होतात. पण नोव्हेंबर ते मार्चमध्ये उत्तरेतून आलेले स्थलांतरी पक्षी असतात, स्थानिक पक्षी विणीच्या पिसाऱ्यात असतात आणि सुगरणींची घरटी विणणं चालू असतं. गवत मात्र पुरुषभर. दोन्ही थोडंथोडं हवं असेल तर दोन हंगामांच्या सांध्यावर जा. उदाहरणार्थ, सप्टेंबर-ऑक्टोबरात झांबियातल्या लुआंग्वा नदीच्या दरडींवर सदर्न कार्माइन जातीच्या गुलाबी-लाल वेड्या राघूंच्या वसाहती गजबजलेल्या असतात आणि त्याच वेळी पाणवठ्यांवर हत्तीही असतात.

हे सगळं स्वतः तपासायचं असेल तर ‘ईबर्ड’ उघडा. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा हा नोंदींचा साठा २००२ पासून सुरू आहे आणि फुकट आहे. प्रदेश निवडला की कोणता पक्षी कोणत्या आठवड्यात किती वेळा नोंदला जातो, याचा पट्टीआलेख मिळतो. सहल विकणाऱ्याचं माहितीपत्रक ‘वर्षभर उत्तम’ म्हणत असेल, तर आधी हा आलेख बघा.

दोन आठवड्यांत किती ठिकाणं करता येतील?

करायला पाच-सहाही करता येतील. करू नका. प्रत्येक मुक्काम बदलताना अर्धा दिवस जातो आणि तो नेमका सकाळचा असतो, जेव्हा पक्षी सर्वांत जास्त हालचाल करतात. एका जागी तीन रात्री राहिलात तर पहिली सकाळ भांबावण्यात जाते, दुसऱ्या सकाळी आवाज ओळखीचे होतात आणि तिसऱ्या सकाळी लाजाळू पक्षी सापडू लागतात. दोन आठवड्यांना तीन, फार तर चार जागा पुरेत.

विविधता हवी असेल तर लांब जाण्यापेक्षा वर-खाली जा. पेरूमधला मानूचा रस्ता याचं नामी उदाहरण आहे. अँडीजमध्ये साडेतीन हजार मीटरच्या आसपास सुरू होऊन तो ढगांच्या जंगलातून अमेझॉनच्या सखल भागात उतरतो आणि दर काहीशे मीटरला पक्षी बदलतात. सकाळी थंडीत पाहिलेला एकही पक्षी संध्याकाळच्या यादीत परत येत नाही, असंही होतं.

कंपनीची सहल, स्थानिक वाटाड्या, की आपलं आपण?

तिन्ही चालतं, पण पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येणार असतील तर ते स्थानिक वाटाड्यावर करा. महागड्या लेन्सवर नको, आलिशान लॉजवर नको.

असं म्हणण्याला कारण आहे. एखादा माणूस रोज त्याच पायवाटेने जातो तेव्हा कोणत्या फांदीवर घुबड दिवसा झोपतं आणि कोणत्या झाडाला या आठवड्यात फळं आलीत, हे त्याला माहीत असतं. कोणत्याही ॲपमध्ये हे नसतं. एक्वादोरमध्ये मिंदोजवळ अँजेल पाझ नावाच्या शेतकऱ्याने जायंट अँटपिट्टा या अतिशय लाजाळू पक्ष्याला गांडुळं देऊन हाकेला यायची सवय लावली. त्या मादीचं नाव मारिया. जो पक्षी पाहायला लोक आयुष्यभर धडपडायचे, तो पायवाटेवर उड्या मारत येऊ लागला. शेतीसाठी तोडलं जाणारं जंगल त्या कुटुंबाने राखलं आणि आता जगभरचे पक्षीनिरीक्षक तिथे जातात. दिवसाला मोजलेले पैसे कुठे जातात, हे इतकं स्पष्ट दिसणारी ठिकाणं थोडी असतात.

काही ठिकाणी वाटाड्या ऐच्छिक नसतोच. गालापागोस राष्ट्रीय उद्यानाच्या बहुतेक जागी मान्यताप्राप्त मार्गदर्शकाशिवाय पाऊल टाकता येत नाही. उलट क्रूगरमध्ये स्वतः गाडी चालवायची मुभा आहे. डांबरी रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०, आणि ठरवून दिलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. ५० चा वेगही खरं तर जास्तच आहे. २५ ने गेलात तर गवतातला बिबट्या दिसण्याची काही आशा.

कंपनीसोबत जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा : गटात किती जण? गाडीत प्रत्येकाला खिडकी मिळणार का? प्रमुख वाटाड्या कोण आणि तो त्या भागात किती वर्षं काम करतोय? सहल पक्षीनिरीक्षकांची आहे, छायाचित्रकारांची आहे, की दोन्हींची खिचडी? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्धी भांडणं तिथेच होतात. छायाचित्रकाराला एका फांदीसमोर दोन तास हवे असतात आणि यादी करणाऱ्याला दहा मिनिटांत पुढे जायचं असतं.

गोरिलांचे परवाने इतके महाग का?

रवांडात पर्वतीय गोरिला पाहायचा परवाना २०१७ पासून १५०० डॉलर आहे. युगांडात परदेशी पर्यटकांसाठी जुलै २०२४ पासून ८००. त्यात मिळतो एक तास. एका गोरिला कुटुंबापाशी दिवसातून एकच गट जातो, गटात जास्तीत जास्त ८ जण, आणि १५ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. किंमत मुद्दाम चढी ठेवली आहे. माणसं कमी यावीत, पण उद्यानाचा आणि आसपासच्या गावांचा खर्च निघावा, असा तो हिशेब. गालापागोसनेही ऑगस्ट २०२४ मध्ये बहुतेक परदेशी पाहुण्यांचं प्रवेशशुल्क १०० वरून २०० डॉलर केलं.

युगांडाला जाणारच असाल तर गोरिलांइतकीच एक ओढ व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या मबांबा दलदलीची असावी. तिथे लाकडी होडीतून शूबिल हा मोठा पक्षी शोधायला जातात. जोड्यासारखी चोच, माणसाच्या कमरेच्या वर येणारी उंची, आणि लंगफिश मासा दिसेपर्यंत पुतळ्यासारखं उभं राहणं. खर्च गोरिलाच्या परवान्याच्या तुलनेत नगण्य.

परवाने मर्यादित असतात, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी परवान्याची तारीख पक्की करा. उलटा क्रम महागात पडतो.

व्हिसाचं काय?

ज्या देशाचा पासपोर्ट त्यानुसार नियम बदलतात, तेव्हा त्या-त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. फक्त दोन गोष्टी विसरल्या जातात : मधल्या थांब्याच्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा, आणि सीमा ओलांडून शेजारच्या देशातल्या उद्यानात जाऊन परत यायचं असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा.

लस, मलेरिया, जंतुसंसर्ग?

निघण्याच्या किमान सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी-आरोग्याची माहिती असलेल्या डॉक्टरला भेटा. पीतज्वराची लस आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच भागांत लागते. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य होतं आणि ११ जुलै २०१६ पासूनच्या नियमानुसार ते आयुष्यभर चालतं. हे १० दिवस अनेकांच्या लक्षात येत नाहीत. काही देश सरसकट सगळ्यांकडे प्रमाणपत्र मागतात, काही फक्त पीतज्वर असलेल्या देशातून आलात तरच. तेव्हा देशांचा क्रम बदलला तर कागदपत्रंही बदलतात.

मलेरियाच्या गोळ्या कोणत्या, हे प्रदेशावर आणि तुमच्या प्रकृतीवर ठरतं. मित्राच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. आणि त्या परत आल्यावरही, गोळीनुसार काही दिवस ते काही आठवडे, चालू ठेवायच्या असतात, हे ध्यानात असू द्या.

उंचीचा त्रास होईल का?

होऊ शकतो, आणि तब्येत दणकट आहे म्हणून सुटका नाही. साधारण २५०० मीटरच्या वर त्रास सुरू होऊ शकतो. एक्वादोरमधलं कीटो शहर २८५० मीटरवर आहे, पेरूमधलं कुस्को ३४०० वर. विमानातून थेट तिथे उतरून दुसऱ्या दिवशी कॉन्डॉर हे मोठं गिधाड बघायला आणखी वर जाण्याचा बेत डोकं भणाणून सोडतो. ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये. डोकेदुखीसोबत तोल जाऊ लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर पक्षी राहू द्या, खाली उतरा.

दुर्बीण कोणती घेऊ? ८×४२ की १०×४२?

८×४२. हा प्रश्न इतक्यांदा येतो, म्हणून सरळच सांगते. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : ८×४२ ला सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ ला ४.२. जंगलातल्या अंधाऱ्या पहाटे हा फरक जाणवतो. शिवाय ८ पटीत दृश्याचा आवाका मोठा मिळतो, हाताची थरथर कमी दिसते आणि फांद्यांतून उडणारा पक्षी पकडता येतो. गवताळ रान, किनारा किंवा आकाशातले शिकारी पक्षी हाच मुख्य बेत असेल तर १० पट घ्या.

स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावायची एका डोळ्याची मोठी दुर्बीण, तळ्यांवर आणि खाडीकाठी अमूल्य, दाट जंगलात निव्वळ ओझं. कंपनीच्या सहलीत वाटाड्याकडे तो बहुधा असतो, आधी विचारून घ्या.

नवी दुर्बीण घेतलीत तर प्रवासाआधी महिनाभर तरी वापरा.

सामानात आणखी काय?

फिक्या, मातकट रंगाचे कपडे. गडद निळा आणि काळा रंग चावऱ्या त्सेत्से माश्यांना खेचतो, तेव्हा पूर्व आफ्रिकेत ते टाळा. लष्करी छापाचे कपडे तर घेऊच नका. झिंबाब्वे, जमैका, बार्बेडोस, त्रिनिदाद अशा देशांत सामान्य माणसाने ते वापरणं कायद्याने मना आहे, आणि पक्षीनिरीक्षकांची कपाटं अशाच कपड्यांनी भरलेली असतात! बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॅट-तासांपर्यंतच्या सहसा चालतात, पण विमान कंपनीचा नियम बघून घ्या. दुर्बीण आणि औषधंही हातातच ठेवा. चुकलेली बॅग तीन दिवसांनी सापडते, तोवर सहल अर्धी संपते. पावसाळी जंगलात जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे.

तिथला एकही पक्षी ओळखीचा नसेल. तयारी कशी करायची?

जाती पाठ करू नका, कुळं शिका. दक्षिण अमेरिकेत एकट्या टायरंट फ्लायकॅचर कुळात ४०० हून अधिक जाती आहेत. त्यातल्या कित्येक हिरवट, पिवळट आणि एकमेकींच्या जुळ्या बहिणी. त्या पाठ करायला गेलात तर वेड लागेल. पण ‘हा टायरंट, हा टॅनेजर, हा अँटबर्ड’ एवढं बसण्याच्या ढबीवरून कळू लागलं की पुस्तकात कुठे बघायचं ते कळतं. मग ज्या जागी जाणार तिथल्या वारंवार दिसणाऱ्या चाळीस-पन्नास जाती काढा आणि फक्त त्या घोका. नेहमीचे पक्षी चटकन ओळखता आले की वेगळा पक्षी आपोआप डोळ्यात भरतो.

पक्षी ओळखायला मदत करणाऱ्या ‘मर्लिन’ ॲपमध्ये त्या प्रदेशाचा संच आधीच उतरवून ठेवा, जंगलात नेटवर्क नसतं. त्याचं आवाज ओळखण्याचं काम चांगलं आहे, पण उष्ण कटिबंधात ते साफ चुकतं, आणि चुकताना अजिबात कचरत नाही. ॲपने नाव सांगितलं म्हणजे पक्षी दिसला, असं नव्हे. आवाज कानात बसवायला ‘झेनो-कँटो’ या संकेतस्थळावर हजारो जातींची ध्वनिमुद्रणं आहेत.

पक्षी बाहेर यावा म्हणून कॉल, म्हणजे त्याच्याच आवाजाचं ध्वनिमुद्रण, लावला तर काय बिघडलं?

फोनवर वाजवलेला आवाज ऐकून नर बाहेर येतो तो आपल्या हद्दीत परका घुसला असं समजून. खाणं सोडून, कधी अंडी-पिल्लं सोडून, नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. एखाद्या निर्जन वाटेवर एकदा, थोडा वेळ, हलक्या आवाजात लावल्याने आभाळ कोसळत नाही. पण प्रसिद्ध जागी रोज चार गट तेच करतात, तेव्हा तो पक्षी एक तर थकतो किंवा दाद देणं सोडतो. अमेरिकेतल्या अनेक राष्ट्रीय उद्यानांत याला बंदीच आहे.

वाटाड्या तुमच्यासाठी म्हणून कॉल लावतो आणि तुम्हाला ते रुचत नसेल तर आदल्या संध्याकाळीच सांगा. तो बिचारा पाहुणा नाराज होऊ नये म्हणून करत असतो. ‘नाही दिसला तरी चालेल’ हे वाक्य ऐकून बहुतेकांचे खांदे सैल होतात. विणीच्या हंगामात आणि दुर्मीळ जातींसाठी मात्र अजिबात नको.

किती जवळ जाता येतं?

ठिकाणागणिक नियम वेगळे. गालापागोसमध्ये प्राण्यापासून २ मीटर. तिथले प्राणी माणसाला भीत नाहीत, त्यामुळे कधी कधी तुम्हालाच मागे सरावं लागतं. अंटार्क्टिकात पेंग्विनपासून ५ मीटर, एका जागी एका वेळी १०० हून अधिक प्रवासी किनाऱ्यावर नाहीत, आणि ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजातून कोणालाही उतरवत नाहीत. तिकीट घेताना जहाजाचा आकार म्हणूनच बघायचा. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर १ जानेवारी २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून ३०० मीटर अंतर राखावं लागतं, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५००. या नियमानंतर तिथली जवळून काढलेली जुनी छायाचित्रं जाहिरातीत दाखवणाऱ्या कंपनीला दोन प्रश्न जास्त विचारा.

गोरिलांच्या बाबतीत अंतराचं कारण वेगळं आहे. आपली सर्दी त्यांना लागते आणि त्यांच्यासाठी ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून नाक गळत असेल तर परवाना हातात असूनही वर जाऊ देत नाहीत. हजार डॉलर भरून शिंक दाबणारे लोक असतात. तसले होऊ नका.

घुबडाला उंदीर टाकून फोटो, स्लॉथला हातात घेऊन फोटो : हे ठीक आहे का?

स्लॉथ (झाडांवर राहणारा संथ सस्तन प्राणी), स्लो लोरिस (मोठ्या डोळ्यांचा, माकडांच्या गटातला छोटा प्राणी), वाघाचे बछडे असे हातात देण्याचे प्राणी बहुधा रानातून पकडलेले किंवा त्यासाठीच पैदास केलेले असतात. तिथे पैसे देऊ नका, विषय संपला.

घुबडाला जिवंत उंदीर टाकणं ही गोष्ट जरा वादाची. घुबड माणसांच्या आणि रस्त्याच्या जवळ यायला शिकतं, आणि गाडीखाली सापडतं. मग हमिंगबर्डच्या साखरपाण्याचं आणि अँटपिट्टाच्या गांडुळांचं काय, असं कोणी विचारेल, आणि विचारणं रास्त आहे. माझ्या लेखी फरक असा : जंगलाच्या आत, वाहनांपासून दूर, मोजकं अन्न, आणि त्या निमित्ताने राखलं गेलेलं जंगल; याउलट रस्त्याकडेला, एका झेपेच्या छायाचित्रासाठी. सीमारेषा धूसर आहे, हे मान्य.

समुद्रावरच्या सहलींना काय लक्षात ठेवायचं?

अल्बट्रॉस, पेट्रेल, शिअरवॉटर हे पक्षी विणीपुरतेच जमिनीला लागतात, तेव्हा त्यांना गाठायचं तर समुद्रात जायला हवं. न्यूझीलंडमधलं काइकोउरा यासाठी फार सोयीचं, कारण किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्रतळ खोल घळईत उतरतो. खोल पाणी वर येतं, अन्न मिळतं, आणि अर्ध्या तासात अल्बट्रॉस बोटीभोवती. स्पर्म व्हेलही तिथे वर्षभर असतात.

बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, निघण्याआधी घ्यायची. बोटीच्या मागच्या बाजूला उभं राहा, क्षितिजाकडे बघा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो तपासत बसू नका. खराब हवेसाठी एक जादा दिवस हातात ठेवा, सहली रद्द होतात.

बूट धुवायला का सांगतात?

तळव्यातल्या चिखलात बिया, बुरशी आणि रोगजंतू प्रवास करतात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात वापरलेले बूट, तंबू आणि खाण्याचे पदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात; लपवलं आणि सापडलं तर न्यूझीलंडमध्ये जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड. जाहीर केलं तर बहुधा तेच लोक बूट धुऊन परत देतात!

बर्ड फ्लूने हे आणखी गंभीर झालंय. एच५एन१ विषाणू ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण अटलांटिक समुद्रातल्या दक्षिण जॉर्जिया बेटांवर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर आढळला. म्हणून तिथे बूट जंतुनाशकात बुडवतात, जमिनीवर बसू देत नाहीत, पिशवी टेकवू देत नाहीत. कुठेही आजारी किंवा मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका.

फार चालता येत नाही, किंवा सोबत लहान मुलं आहेत. जमेल का?

जमेल, आणि काही ठिकाणी उलट चांगलं जमेल. क्रूगर किंवा नामिबियातल्या एतोशात सगळं गाडीतून दिसतं. एतोशाच्या ओकाउकुएयो तळावर तर पाणवठ्याला रात्रीही दिवे असतात, बाकावर बसून गेंडे बघा. एक्वादोर-कोस्टा रिकातल्या लॉजच्या व्हरांड्यात बसूनही चिकार पक्षी मिळतात. ब्राझीलच्या पांतानालमध्ये पोर्तो जोफ्रेहून जुलै ते ऑक्टोबरात जग्वार बोटीतून शोधतात, चालणं जवळजवळ नाही. बोर्निओतली किनाबातांगान नदीही तशीच : धनेश, प्रोबोसिस माकडं, नशिबात असेल तर ओरांगउटान, सगळं होडीतून.

मुलांसाठी वयाची अट आधी तपासा. दिवसाला एक फेरी पुरे. दुपारी त्यांना किडे-सरडे शोधू द्या.

एकटीने किंवा एकट्याने जाणं सुरक्षित आहे का?

वन्यप्राण्यांपेक्षा रस्ते जास्त धोक्याचे. अनोळखी देशात रात्री गाडी चालवू नका. पहाटेच्या अंधारात महागडी दुर्बीण गळ्यात घालून शहराकडेच्या निर्जन जागी एकटं जाऊ नका, तिथे वाटाड्या घ्याच. सीमा, धरण, लष्करी तळ, विमानतळ यांच्या आसपास दुर्बीण उचलण्याआधी विचारा. ‘मी ससाणा बघत होतो’ हे पहारेकऱ्याला पटत नाही. विम्यात दुर्गम भागातून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलाय ना, हे वाचून बघा.

पडलेलं पीस, शिंपले, कवटी आठवण म्हणून आणता येईल?

नको. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरी पक्षी कायद्यानुसार बहुतेक देशी पक्ष्यांचं जमिनीवर पडलेलं पीस जवळ ठेवणंही गुन्हा आहे. संकटग्रस्त जातींच्या व्यापारावरचा सायटिस करार १९७५ पासून लागू आहे आणि पोवळं, काही शंख, हस्तिदंत, कासवाची पाठ हे सगळं त्यात येतं. बाजारात उघड विकायला ठेवलंय याचा अर्थ ते सीमेपलीकडे नेता येतं, असा होत नाही.

एवढा खर्च करून मुख्य पक्षी दिसलाच नाही तर?

शक्यता असतेच, आणि कोणी ‘हमखास दाखवतो’ म्हणत असेल तर तो प्राणी बांधलेला नाही ना, ते बघा. हव्या असलेल्या पक्ष्यासाठी दोन सकाळी राखून ठेवा. त्याहून जास्त एकाच जातीमागे धावलात तर बाकीचं जंगल हातचं जातं.

नोंदी आणि फोटो टाकताना काही पथ्य?

ईबर्डवर नोंद जरूर करा. कमी लोक जातात त्या देशांत तुमची साधी यादीसुद्धा कामाची ठरते. अतिसंवेदनशील जातींच्या नेमक्या जागा ईबर्ड स्वतःच झाकतं. तुमच्या फोटोमधलं जीपीएस स्थान मात्र कोणी झाकत नाही. गेंडे, घुबडांची घरटी, पिंजऱ्यासाठी पकडले जाणारे पोपट आणि गाणारे पक्षी यांच्या फोटोतून ते काढून टाका, आणि कोणी जागा विचारली तर वाटाड्याचं नाव सांगा. त्यालाही काम मिळतं.

परत आल्यावर ताप आला तर?

त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कुठल्या देशात, कुठल्या तारखांना होतात ते स्वतःहून सांगा. मलेरिया घरी परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही डोकं वर काढतो, आणि गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी तपासणी टाळायची नसते. अंगावर गोचीड चावल्याची खूण किंवा पुरळ असेल तर तेही दाखवा, आणि गुहेत वटवाघळं पाहायला गेला असाल तर ते आवर्जून सांगा. प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं असेल तर तापाची वाट बघायची नाही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन रेबीजची लस तिथेच, सहल अर्धवट टाकून, सुरू करायची.